एक कोलबी

काल संध्याकाळी जांभळी नाक्यावर आत्याबरोबर आघाडा-दुर्वा घ्यायला गेलो होतो. आज श्रावणातला शेवटचा शुक्रवार, जिवतीची पूजा. आत्या एकेक पान उलटून बघत होती आणि मी पिशवीचं तोंड उघडं धरून उभा होतो. तेवढ्यात गर्दीच्या पलीकडून, टेम्पोचा हॉर्नही झाकून टाकेल अशा आवाजात हाक आली, "ए ऽऽ एक कोलबी!"

मी वळून बघितलं. चूक तिथेच झाली. वळलो नसतो तर आपल्या भाच्याला ठाण्याच्या बाजारात या नावाने ओळखतात, हे आत्याला कळायचं काही कारण नव्हतं.

प्रकरणाचं मूळ असं, की मुलीला अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे मेक्सिकोतले पाण्यात राहणारे चार पायांचे प्राणी, पाळायचे आहेत. एक नाही, दोन. 2021 साली ते माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये आले आणि तिथून आमच्या घरात शिरले. "पाणी मीच बदलेन" ही शपथ झाली, दोन वाढदिवसांच्या भेटी एकत्र झाल्या आणि तीन फुटी टाकी आली. पाऊणदोनशे लिटर पाणी. म्हणजे पाऊणदोनशे किलो, काच वेगळी. हा हिशोब मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात उभं करून सांगितला, जणू मी पाणी कापसाच्या भावाने मोजलं होतं.

आता माझ्यासारख्या माणसाला वाटतं, टाकी आणली, पाणी भरलं, प्राणी सोडला, झालं. तसं करून बघितलंय. दोन वर्षांपूर्वी काचेच्या गोल भांड्यात तीन गोल्डफिश आणले होते. दुकानदार म्हणाला होता, "आजच टाका साहेब, काय होत नाय." अकरा दिवसांत तिन्ही गेले. मी परत गेलो तेव्हा त्याने सांत्वन म्हणून पुढच्या तिघांवर दहा टक्के सूट दिली. त्या माणसाचा मला अजून राग आहे. त्याला ठाऊक होतं. मासे स्वतःच्याच घाणीतल्या अमोनियाने मरतात, आणि तो अमोनिया खाणारे जिवाणू नव्या भांड्यात नसतात, हे ज्याचा तो धंदा आहे त्याला ठाऊक नसेल कसं? पण जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो हे सांगितलं, तर गिऱ्हाईक महिनाभर परत येत नाही.

या वेळी मुलगी आधीच वाचून बसली होती. अमोनियाचं नायट्राइट करणारे एक जिवाणू, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे. दोघांची वस्ती आधी वसवायची, मगच प्राणी. आणि वस्ती वसायची तर त्यांना अमोनिया खाऊ घालायला हवा. म्हणजे प्राण्याआधी त्याची घाण. बिनसाबणाचा, बिनवासाचा शुद्ध अमोनिया मिळवायला मी तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानदाराने "कशाला हवाय?" असं इतक्या हळू आवाजात विचारलं, की मी फिनेलची बाटली घेऊन बाहेर पडलो. दुसरा उपाय स्वस्त होता. पाण्यात कच्ची कोळंबी टाकायची. सडते, अमोनिया सुटतो. एक पुरते.

एकच. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही, हे इथे सांगायला हवं.

श्रावणाचा पहिला आठवडा. मासळीबाजार ओस पडलेला. ओट्यावर एकच मावशी, पुढ्यात कोळंबीचे वाटे मांडून माशा हाकत बसलेली. मला बघून तिचा चेहरा असा फुलला, की मला परतावंसं वाटलं.

"ये रं बाला. भवानी तुज्याच हातची. किती देऊ?"

"एक."

"दोन ने. दोनशेला दोन लावते."

"एक वाटा नाही मावशी. एक कोळंबी."

माशा हाकणारा हात हवेत थांबला. "एक म्हंजे?"

मी बोट वर केलं.

"घरी मान्सं किती?"

"चार. पण खायला नकोय."

"मंग गलाला लावाया?"

"नाही, पाण्यात टाकून ठेवायचीय. सडायला."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण आपल्यामुळे कुणाचं नुकसान नको, असा एक खुळा सज्जनपणा माझ्यात आहे. मी म्हणालो, "त्यामुळे शिळी असली तरी चालेल."

"शिली?" मावशी उभी राहिली. "माज्याकडं शिली? अगो वैनी, इकडं ये गो, ह्यो बग काय बोलतो!"

वैनी आली. वैनीमागून आणखी एक आली. मी खुलासा करायला लागलो आणि प्रत्येक वाक्यागणिक जास्तच खुळा दिसू लागलो. शेवटी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. गुलाबी अंग, मानेपाशी पिसांसारखे कल्ले, बारीक डोळे. तिघींनी डोकी जुळवून बघितलं.

"ह्यो हसतो का?"

"तोंडाची ठेवणच तशी आहे."

"पाय हायत. मंग मासा नाय."

"नाही. बेडकाच्या नात्यातला. पण बेडकासारखा मोठा होत नाही. पाण्यातच राहतो, जन्मभर पिल्लूच."

"आमच्या धाकल्यासारका," वैनी म्हणाली. तिसरी इतकी हसली, की तिने ओट्याचा आधार घेतला.

"आनि लागतो कसा?" मावशीने विचारलं.

आता मी खोटं बोलू शकलो असतो. "मेक्सिकोत पूर्वी खायचे," मी म्हणालो.

"बगा! मी काय बोलले!" ती काहीच बोलली नव्हती.

"कदी आननार?"

"दीड महिन्याने. आधी कोळंबी सडणार, मग अमोनिया होणार, मग जिवाणू..."

मावशीने हात करून मला थांबवलं. माझं बोलणं तिने मनात एकदा चाळून घेतलं असावं. मग शांतपणे म्हणाली, "म्हंजे घरात प्रानी नाय, आनि त्याच्या गूची तयारी चाललीय."

नायट्रोजन चक्राचं इतकं नेमकं वर्णन मी तोवर कुठेही वाचलं नव्हतं.

मग पैशांवरून अडलं. भवानीला फुकट देणार नाही, आणि एका कोळंबीच्या पैशांनी भवानी करणार नाही. शेवटी अख्खा वाटा घ्यावा लागला. एक ठेवून बाकीच्या वॉचमनला देऊ केल्या, त्याचाही श्रावण निघाला. तिसऱ्या मजल्यावरचं बंगाली कुटुंब मात्र तेव्हापासून मला दादा म्हणतं.

त्या बाजारातून निघताना शेजारच्या टोपलीत तिलापिया दिसला आणि उगाच थबकलो. अ‍ॅक्सोलॉटलचं खरं घर म्हणजे मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोचे कालवे. तिथे माणसांनी खाण्यासाठी म्हणून हाच तिलापिया आणि कार्प सोडले. ते त्यांची अंडी आणि पिल्लं खातात, वर शहराचं सांडपाणी आहेच. 1998 साली एका चौरस किलोमीटरला सहा हजारांच्या आसपास अ‍ॅक्सोलॉटल होते, 2014 च्या गणतीत 36. आणि जगभरच्या प्रयोगशाळांत, मुलांच्या खोल्यांत मात्र ते भरपूर आहेत. 1864 साली पॅरिसला 34 नेले, त्यांचा वंश वाढता वाढता आता ठाण्यापर्यंत येऊन ठेपलाय. आपल्याकडेही 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी सरकारदरबारी नोंदवावे लागतात. कालव्यातल्यांची नोंद त्या तिलापियानेच घेतली म्हणायची.

असो. कोळंबी मुलीच्या शाळेच्या जुन्या पायमोज्यात घालून टाकीत सोडली. तिसऱ्या दिवशी दिवाणखान्यात बसवेना. पाचव्या दिवशी सेक्रेटरी आले, दारातच नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मासे मेले का?" मी म्हणालो, अजून आणलेच नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर जो येतो तो हेच विचारतो. रिकाम्या टाकीकडे बघून माणसाला जन्म आठवत नाही, मरणच आठवतं.

टाकीत मऊ वाळू, कारण खडे ते गिळतात. दिवा नाही, कारण त्यांना पापण्या नसतात. पाणी 16 ते 18 अंश हवं, आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीतून येतं ते 28. त्यासाठी चिलर घेतला. त्याची किंमत इथे लिहीत नाही, हे बायको वाचते. तो रात्रभर घुंऽ करतो. हॉलमध्ये पंख्याखाली आम्ही घामाघूम, आणि कोपऱ्यात एका मोज्याला महाबळेश्वर.

सगळ्यात वाईट म्हणजे मुलगी. मला वाटलं होतं आठवड्यात कंटाळेल आणि मी सुटेन. ती रोज शाळेतून आली की काचेच्या नळीत थेंब मोजते, रंग ताडून बघते, तारखेसह वहीत मांडते. गेल्या रविवारी अमोनिया शून्यावर आला. मी आनंदाने म्हणालो, चला, फोन लावतो. तिने दुसरी नळी माझ्यासमोर धरली. निळा रंग यायला हवा, आला जांभळा. "नायट्राइट आहे बाबा. मरतील ते." इतक्या कोरड्या आवाजात, की गोल्डफिशचं सगळं खापर माझ्या डोक्यावर आहे हे मला तेव्हा समजलं. दुकानदाराचं तिने नावही काढलं नाही.

तर काल, 23 व्या दिवशी, मी वळून बघितलं. मावशी टोपली खाली ठेवून थेट आमच्याकडे आली.

"आला का रं तुजा गुलाबी?"

"नाही अजून."

"मंग कोलबी सडली का नाय?"

आत्याच्या हातातला आघाडा तसाच राहिला. मी खाली बघून म्हणालो, "सडली."

"किती दिस लागले?"

"पंधरा-सोळा."

मावशीने विजयाने कमरेवर हात ठेवले आणि आत्याकडे वळली. "ऐकलं ना आजी? पंदरा दिस! शिली असती तर दोन दिसांत सडली असती."

आत्या रिक्षात बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. बसल्यावर तिने पूजेची पिशवी माझ्या मांडीवरून उचलली आणि पलीकडच्या बाजूला, खिडकीशी ठेवली.