माळकऱ्यालाही होतो, आणि गोळी न खाल्लेल्यालाही

मराठवाड्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'औषधाला दाद न देणारा जंतू हा मोठ्या दवाखान्यांचा आजार आहे. जो अँटिबायोटिक खात नाही त्याला आणि माळकऱ्याला त्याची भीती नाही. डॉक्टर-सिस्टर हातमोजे घालतात का तेवढं बघा, बाकी आपल्या हातात काही नाही. पेशंट घरी आला की ताट-वाटी वेगळी करा. ताप आला की सुरुवातीलाच हेवी डोस घ्या.' खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'. अनेकांनी पाठवलाही.

आधी गोळी न खाणाऱ्यांचं बघू. औषधाला पुरून उरायला शिकतो तो जंतू, माणूस नव्हे. दुसऱ्याच्या अंगात तयार झालेला जंतू तुमच्याकडे येतो तेव्हा तुम्ही आयुष्यात किती गोळ्या घेतल्या हे विचारत नाही. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात दोन-चार दिवसांच्या बाळांच्या रक्तातही असे जंतू सापडतात. त्या बाळांनी कुठल्या मेडिकलवरून गोळ्या आणल्या होत्या? शिवाय हे जंतू आपल्या जनुकांचा तुकडा शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात.

माळकऱ्यांबद्दलचा मुद्दा कोंबड्यांवरून आलेला दिसतो. कोंबड्यांना अँटिबायोटिक दिलं जातं हे खरंच आहे. म्हणूनच कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवायचं औषध जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. पण माळकरी दूध तर पितोच, आणि गाईच्या सडात औषध सोडल्यावर ठरलेले दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नसतं, हे आपल्या किती गोठ्यांत पाळतात?

आता हातमोजे. मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे. एका पेशंटची जखम बघून तेच मोजे घालून दुसऱ्या पेशंटच्या सलाईनला हात लावला, तर मोजे घालणाऱ्याचा हात स्वच्छ राहिला, जंतू मात्र पोचला. मोजे दर पेशंटला बदलायचे आणि काढल्यावर हात धुवायचे, तरच उपयोग. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्ये बाकीच्या डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा मोजे नव्हतेच.

आणि 'आपल्या हातात काही नाही'? आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. कूस बदलणं, भरवणं, भांडं देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं. त्या पिशवीकडेच बघा. सकाळी तीन कॉटांमध्ये एकच प्लास्टिकचा मग फिरतो. पिशवीची तोटी मगाच्या काठाला टेकते, मग पुढच्या कॉटकडे जातो, तिथली तोटी त्याच काठाला टेकते. नंतर पदराला हात पुसून डबा उघडला जातो. जंतूला याहून सोपा रस्ता कोणता? म्हणून प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं हवं, तोटी काठाला लागू द्यायची नाही, आधी आणि नंतर हात धुवायचे. पिशवी कमरेच्या खाली लटकलेली असावी, पण फरशीवर नको. एक्स-रेला नेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, तेही नको, कारण पिशवीतली लघवी उलटी आत जाते. आणि रोज विचारा, 'सिस्टर, ही नळी अजून लागणारे का?' नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढतो.

भेटायला येणाऱ्यांचंही तसंच. जीप भरून माणसं येतात, कॉटवरच बसतात, पेशंटच्या पट्टीला हात लावून 'लई लागलं का' विचारतात. नाही गेलं तर सोयऱ्यांत रुसवा पुढच्या लग्नापर्यंत टिकतो, हे मान्य. फोन करा.

यावर कुणी म्हणेल, टँकरच्या गावात घडीघडी हात कसे धुवायचे? प्रश्न रास्त आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला नळ सोडून हात चोळायला सांगणं सोपं नाही. पण वॉर्डात कॉटशी टांगलेल्या सॅनिटायझरला पाणी लागत नाही. दोन्ही हात पुरते ओले होतील एवढं घेऊन २०-३० सेकंद चोळायचं. हात मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब असतील, तर मात्र साबण-पाणीच हवं. जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरने मरत नाहीत.

ताट-वाटीचं काय? साबणाने नीट घासलेलं ताट घरात कुणीही वापरावं. धडधाकट माणसाला या जंतूचा धोका कमी असतो, वाळीत टाकण्यासारखं काही नाही. टॉवेल आणि दाढीचं सामान वेगळं ठेवा, जखम झाकलेली ठेवा, तिच्यावर हळद किंवा राख लावू नका. पट्टी बदलल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्याआधी हात धुवा. घरात तान्हं बाळ किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल, तर जास्त जपा.

राहिला हेवी डोस. डेंगी, चिकनगुनिया, साधा फ्लू हे विषाणूंचे ताप, त्यांवर अँटिबायोटिक कितीही हेवी दिलं तरी चालत नाही. ते पोटातले निरुपद्रवी जंतू मारतं आणि दाद न देणाऱ्यांना जागा मोकळी करून देतं. 'परवाचीच गोळी द्या' म्हणून काउंटरवर उभं राहणाऱ्यांनी हेही ऐकावं: २०१४ पासून अनेक तगडी अँटिबायोटिक अशा यादीत आहेत, की ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि मेडिकलवाल्याला डॉक्टरचं व पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं.

कोणतं औषध लागू पडेल हे कल्चर तपासणीतून कळतं. शक्यतो पहिल्या डोसच्या आधी रक्त किंवा लघवी घेतात, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तो रिपोर्ट डिस्चार्जच्या कागदांत टाकून विसरू नका. उद्या पेशंटला बीडहून अंबाजोगाईला किंवा जालन्याहून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवावं लागलं, तर केस पेपर काढतानाच तो डॉक्टरांच्या हातात द्या. मग योग्य औषध लवकर सुरू होईल आणि पेशंटला कुठली कॉट द्यायची हेही त्यांना ठरवता येईल.