घरचं म्हणजे चांगलंच असं नाही

कुत्र्यांच्या खाण्यावरच्या एका लेखात म्हटलंय घरचं जेवण कधीही पाकिटातल्या खाण्यापेक्षा भारी, मला नाही पटलं. आमच्या कुत्रीला मी वर्षभर नुसतं उकडलेलं चिकन नि भात घालत होते (कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो, तो नाही घातला, एवढं तरी शहाणपण होतं), ती वाटी चाटूनपुसून साफ करायची म्हणून मी खुश, आणि मग डॉक्टरांनी झापलं की मांसात फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग ते हाडांतून ओढलं जातं. आता मेन ड्राय फूडच, पाकिटावर 'कम्प्लीट' (म्हणजे सगळं पोषण त्यातच) लिहिलंय ना ते बघून घेते, वर दोन चमचे चिकन, नाहीतर बाईसाहेब तोंड फिरवतात. फक्त बदलताना ७ ते १० दिवस थोडं थोडं मिसळत जा हं, मी एका दिवसात बदललं आणि रात्रभर फरशी पुसत बसले.