डांबराच्या कडेची वीतभर खोली

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. नात्याने माझे चुलतभाऊ असलेले आमच्या गावचे एक कास्तकार वहिनींना मागे बसवून मोटारसायकलने तालुक्याहून परत येत होते. समोरून एसटी आली, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी डाव्या कडेला उतरवली. पण कडेला उतरायला साइडपट्टीच उरलेली नव्हती. पुढचे चाक डांबराच्या काठावरून खाली घसरले, ते पुन्हा वर घेताना गाडी आडवी झाली आणि दोघेही रस्त्यावर आपटले. वहिनींच्या मांडीचे हाड मोडले असून त्या अजून खाटेवर आहेत. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन त्या जागी गेलो. डांबराचा काठ आणि खालची माती यांतील अंतर २१ सेंटिमीटर भरले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्याचे डांबर बहुधा ३.७५ मीटर रुंद असते आणि एसटी साधारण अडीच मीटरची. म्हणजे बस समोर आली की मोटारसायकल, सायकल आणि पायी चालणारी शाळकरी मुले यांच्यासाठी साइडपट्टी हाच रस्ता उरतो. तरीही कामाच्या हिशेबात तिला शेवटचे स्थान मिळते. जुन्या थरावर नवा थर चढतो, रस्ता उंच होतो, फोटो निघतात, आणि कडेला कठीण मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवण्याचे काम मात्र राहून जाते किंवा नावापुरते होते. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. अशा मातीवर नुसता टाकलेला मुरूम पहिल्या दोन मोठ्या पावसांत नालीत जातो. मग पाणी डांबराच्या काठाखाली शिरते, काठ तुटू लागतो आणि रुंदी आणखी घटते. ज्याला आपण खड्डा म्हणतो त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशी कडेला, तुंबलेल्या नालीपाशी झालेली असते.

आमच्या गावच्या फाट्यावर या रस्त्याचा फलक उभा आहे. त्यावर लांबी आणि किमतीखाली पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम वर्षवार लिहिलेली आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतली ही सर्वांत शहाणपणाची तरतूद आहे, असे मी मनापासून मानतो, कारण ज्याने रस्ता बांधला त्यालाच पाच वर्षे तो सांभाळायला लावल्याशिवाय बांधणी चांगली होत नाही. परंतु त्या फलकाची पाच वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत. सहाव्या वर्षापासून रस्ता जिल्हा परिषदेच्या तुटपुंज्या देखभाल निधीच्या रांगेत उभा राहतो आणि ती रांग फार लांब आहे. दोन वर्षांपूर्वी वरचा थर मिळाला, तोही मार्चअखेर मंजुरी, मे महिन्यात घाईने डांबर आणि जूनमध्ये पाऊस, अशा क्रमाने.

माझ्या लहानपणी या रस्त्यावर एक मैलकुली असे. फावडे, घमेले आणि कुऱ्हाड घेऊन तो ठरलेल्या अंतरात रोज फिरे. तो नाली मोकळी करी, वळणावर वाढलेली बाभूळ छाटी, साइडपट्टीला पडलेली घळ त्याच दिवशी मुरमाने बुजवी. त्याला रस्त्याची प्रत्येक मोरी ठाऊक होती. ती माणसे निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागी नवी माणसे आली नाहीत. आज दोन घमेली मुरमाचे काम वर्षभर अंगावर काढले जाते आणि शेवटी त्याचे लाखांचे अंदाजपत्रक होते. यंत्रे वाढली म्हणून मैलकुलीची गरज संपली, हा समज मला अजिबात पटत नाही.

पैशाचा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी असावा असे सुचवले. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा कर बसवून रस्ते निधी उभा राहिला. राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची वर्गवारी तर १९४३ मध्ये आपल्याच नागपुरात झालेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतून आली. आजही आपण पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्ते उपकर भरतो आणि गाडी घेताना राज्याला वाहन कर देतो. यांतला ठरावीक हिस्सा फक्त देखभालीसाठी बांधून ठेवावा, तो नव्या कामांकडे वळवता येऊ नये आणि कोणत्या रस्त्याला किती मिळाले हे त्या रस्त्याच्या फलकावर दरवर्षी लिहिले जावे, एवढीच माझी मागणी आहे.

क्षमता नाही असे कोणी म्हणू नये. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून विश्वविक्रम झाला. वर्षानुवर्षे हाल सोसलेल्या त्या भागातल्या लोकांना त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु विक्रमी थरालाही पुढची पंधरा वर्षे कोणीतरी सांभाळायचे असते.

भाराबद्दलही बोलले पाहिजे. एका आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते. गावरस्ता बंडी, ट्रॅक्टर, एसटी आणि कापसाच्या गाड्यांसाठी बांधलेला असतो. त्यावरून रात्रभर रेतीचे अतिभारित टिप्पर गेले, तर कोणत्याही निधीने तो टिकणार नाही. यात आपल्यातलेच काही जण सामील आहेत, हे मी दुःखाने लिहितो.

महाराष्ट्रात वर्षाला सुमारे १५ हजार माणसे रस्त्यावर मरतात. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस जळून २५ प्रवासी गेले, तेव्हा साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे लागले आणि ते लागायलाच हवे होते. गावरस्त्यावर एकेकटा मरणारा दुचाकीस्वार मात्र स्वतःच्याच निष्काळजीपणाने मेल्याची नोंद होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले आहे. ठरवून दिलेले सुरक्षा निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल करणाऱ्यावर १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. अपघाताच्या पंचनाम्यात साइडपट्टीची खोली, नालीची अवस्था आणि वळणावरचे झुडूप लिहिलेच जात नसेल, तर हे कलम लावायचे तरी कशाच्या आधारावर? चुलतभावांच्या पंचनाम्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, आपल्या रस्त्यासाठी कायम देखभाल मजूर आणि साइडपट्टी भरण्यासाठी स्वतंत्र रक्कम मिळावी. दुसरा, आपल्या हद्दीतून अतिभारित टिप्पर जाऊ देणार नाही. फाट्यापासून पुलापर्यंत मी ११ ठिकाणी टेप लावून मापे घेतली आहेत, ती ठरावाला जोडणार आहे. पुलाच्या पलीकडची मापे शेजारच्या गावातल्या कोणी घेऊन दिली, तर पूर्ण रस्त्याचे निवेदन एकदमच देता येईल.