मेलेल्या पेशी एकादशीची वाट पाहत नाहीत

कोथरूडची माझी मावशी एरवी एकादशीला भगर-आमटी खाते. गेल्या एकादशीला तिने सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि निर्जळी केली. संध्याकाळी दरदरून घाम, हात थरथरतायत, साखर ५४. का केलंस म्हटलं तर भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज पुढे केला: "जपानी शास्त्रज्ञाला उपवासावर नोबेल! १६ तास उपाशी राहिलात की निरोगी पेशी शेजारच्या मेलेल्या आणि कॅन्सरच्या पेशी खातात. नाहीतर त्या आत कुजतात. मधुमेहींनी निर्जळीच करावी."

नोबेल खरं आहे. योशिनोरी ओसुमी, २०१६. पण नोबेल समितीचं निवेदन सगळ्यांना वाचायला खुलं आहे, ते कुणी उघडलंय का? पारितोषिक ऑटोफॅजीच्या यंत्रणेसाठी आहे. म्हणजे पेशी स्वतःच्याच आतले निकामी भाग मोडून पुन्हा कसे वापरते, यासाठी. मूळ प्रयोग यीस्टवरचे. यीस्ट एकपेशीय, तिथे शेजारची पेशी खाण्याचा प्रश्नच येत नाही.

आता ते 'कुजणं'. याची मला सगळ्यात जास्त चीड आली, कारण मावशी खरोखर घाबरली होती. मेलेली पेशी गिळणं हे वेगळंच काम आहे आणि ते जेवल्या दिवशीही चालू असतं. पेशी मरायला लागली की फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ, जो एरवी तिच्या आवरणाच्या आतल्या बाजूला असतो, बाहेरच्या बाजूला येतो. ती खूण ओळखून मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी, तिला गिळतात आणि त्यांच्या लायसोसोममधली, म्हणजे पचनाच्या पिशवीतली, विकरं तिचे तुकडे करतात. प्लीहा आणि यकृतातले मॅक्रोफेज म्हाताऱ्या तांबड्या पेशी अशाच काढतात, सेकंदाला वीसेक लाख. साध्या शेजारी पेशीसुद्धा हे काम करतात. सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीत मॅक्रोफेज नसतातच. त्याची वाढ होताना १३१ पेशी ठरलेल्या वेळी मरतात, त्यांतल्या बहुतेक अंड्यातच, त्याने पहिला घास घेण्याआधी. शेजारच्या पेशी त्यांना गिळून पचवतात.

उपाशीपोटी ऑटोफॅजी वाढते, हे मान्य करावं लागेल. उंदरांमध्ये ते दिसलंय. पण ती थोडीफार सतत चालूच असते. सोळाव्या तासाला सुरू होते, असा आकडा माणसासाठी कुणी सिद्ध केलेला नाही.

आणि कॅन्सर? वाढलेल्या गाठीतल्या पेशी तीच ऑटोफॅजी वापरून उपासमारीत तग धरतात.

मधुमेहाच्या काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. वर निर्जळी केली की साखर कोसळते. मावशीचं तेच झालं. घरात मी होतो म्हणून साखरपाणी वेळेत पोटात गेलं.

पुढची एकादशी ती सोडणार नाही, मीही सोड म्हणणार नाही. गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारायचं, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. भिशीच्या ग्रुपमध्ये मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या अजून चौघीजणी आहेत. त्यांना आज फोन करतोय.