चामखिळीला मूळ नसतं

रात्री पावणेदहाची वेळ. शटर अर्धं ओढलं होतं. मघापासून एक मुलगा फोनवर बोलल्यासारखं करत दुकानासमोर घुटमळत होता. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर आत आला. "काका, भाजल्यावर लावायची ट्यूब द्या." कुठं भाजलंय म्हटलं तर खाली बघायला लागला. स्टूल पुढं केलं तर बसेना, पाय फाकवून उभाच. शेवटी त्यानं मोबाईल काउंटरवर सरकवला. त्यावर हा मेसेज होता:

"गुप्तांगावरील चामखीळ, मोस, कोंब ७ दिवसांत मुळासकट नष्ट! खायचा चुना व धुण्याचा सोडा समभाग घेऊन रात्री लावा, सकाळी धुवा. डॉक्टर वरून जाळतात, मूळ आत राहते, म्हणून पुन्हा येते व पुन्हा पैसे! आयुर्वेदातील क्षार-चिकित्सा, शून्य साइड इफेक्ट. उपचार न केल्यास कॅन्सर निश्चित. जोडीदारास असेल तर समजून जा. लाजेमुळे डॉक्टरकडे न जाणाऱ्यांसाठी १० जणांना पाठवा."

मी डॉक्टर नाही, औषधाचं दुकान चालवतो. पण हा मेसेज मलाही दोन ग्रुपांतून आलाय, आणि त्याचा माल, म्हणजे भाजलेली माणसं, माझ्याच काउंटरवर येतात. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"मुळासकट." सगळी गफलत या एका शब्दात आहे. चामखीळ म्हणजे झाड नव्हे. तिला मूळ नसतं. ती एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते. गुप्तांगावरच्या दहापैकी नऊ चामखिळींमागे या विषाणूचे ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार असतात. हा विषाणू राहतो कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात, त्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींत. त्याच्याखाली तो उतरतच नाही. हातापायाच्या चामखिळीत काळे ठिपके दिसतात, त्यांना लोक मूळ म्हणतात. त्या रक्त गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात. मग ती परत का येते? विषाणू खाली लपलेला नसतो, आजूबाजूला पसरलेला असतो. शेजारची कातडी दिसायला अगदी चांगली असते आणि तिच्यातही तो असतो. म्हणजे जितकं खोल जाळाल तितकं बरं, हा हिशेबच उलटा आहे. खोल जाळून विषाणूचं काही बिघडत नाही, व्रण मात्र जन्माचा राहतो.

आता चुना आणि सोडा. दोन्ही घरातलेच, म्हणून साधे वाटतात. एकटा चुना तंबाखूबरोबर मळणाऱ्यांचं तोंड सोलतो हे आपण बघतोच. त्यात धुण्याचा सोडा आणि पाणी घातलं की दोघांची अदलाबदल होते: एकीकडं खडूसारखा साका बसतो आणि दुसरीकडं तयार होतो कॉस्टिक सोडा. साबणाच्या कारखान्यात तेलाचा साबण करणारा आणि तुंबलेलं गटार मोकळं करणारा तोच हा पदार्थ. कातडीतल्या चरबीचंही तो तेच करतो. आम्ल पडलं तर वरचं मांस गोठून एक पापुद्रा धरतो आणि आम्लाला थोडाफार अडवतो. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीत तेही होत नाही. मांस विरघळत जातं आणि ती आत आत उतरत राहते. सुरुवातीला फार दुखतही नाही, त्यामुळे माणूस निवांत झोपतो. आणि हे सगळं अंगावरच्या अगदी पातळ कातडीवर. हे कुणी लावून बसलं असेल तर नळाखाली भरपूर वेळ वाहतं पाणी आणि मग थेट दवाखाना. त्यावर लिंबू-व्हिनेगर ओतायचं नाही.

"आयुर्वेदातील क्षार-चिकित्सा" म्हटलंय, तर सुश्रुतालाच विचारू. त्याच्या ग्रंथातल्या सूत्रस्थान या भागात क्षारपाकविधी असा अख्खा अध्याय आहे. अर्शाला, म्हणजे मूळव्याधीसारख्या कोंबांना, तो चार उपाय सांगतो: भेषज म्हणजे औषध, क्षार म्हणजे अल्कलीच, अग्नी, शस्त्र. लिंगावरच्या कोंबांनाही तो अर्शातच धरतो. पण क्षार लावायचा वैद्यानं, आणि ठेवायचा किती वेळ? शंभर अक्षरं उच्चारायला लागतात तेवढा. मग आंबट द्रव्यानं त्याचा जोर मोडायचा. कुणाला क्षार देऊ नये याची यादी वेगळी. आणि आमचे मेसेजवाले म्हणतात, रात्रभर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जेवढी धास्ती होती तेवढीही यांना नाही.

गंमत अशी की आजच्या ओपीडीतल्या वाटा मोजल्या तरी त्या चारच भरतात. आणि "डॉक्टर वरून जाळतात" म्हणणाऱ्याला त्यातली एकच माहीत आहे.

औषधाची वाट म्हणजे घरी लावायची मलमं. इमिक्विमोड ५ टक्के, छोट्या पाकिटांत येतं. ते विषाणूला मारत नाही. त्या जागच्या कातडीतली प्रतिकारशक्ती जागी करतं, पुढचं काम शरीर करतं. आठवड्यातून तीनच रात्री, सोम-बुध-शुक्र, पातळ थर, सहा ते दहा तासांनी साबणानं धुवायचं, जास्तीत जास्त १६ आठवडे. मी पाकिटाच्या खोक्यावर पेनानं वार लिहून देतो. तरी कुणीतरी रोज लावतंच. जास्त लावलं की लवकर जाईल या हिशेबानं, आणि पंधरा दिवसांत जागा सोलवटून परत येतं. थोडा लालपणा, चुणचुण अपेक्षितच असते. मलम अंगावर असताना संबंध टाळायचे. त्यानं कंडोमही कमजोर होतो. हे वाक्य मी हळू आवाजात सांगतो, पण सांगतो.

दुसरं पोडोफायलोटॉक्सिन. दिवसातून दोनदा, तीन दिवस. मग चार दिवस सुट्टी. अशा चार फेऱ्यांपर्यंत. ज्यांना "नैसर्गिक" हवं असतं त्यांना मी याचा जन्म सांगतो. हे हिमालयात उगवणाऱ्या बनककडीच्या कुळातल्या झाडांच्या कंदातून निघतं. त्याच कंदाचा कच्चा राळेसारखा अर्क, पोडोफायलिन, दवाखान्यात १९४० च्या दशकापासून वापरात आहे आणि तो काही तासांत धुवावा लागतो. जास्त जागेवर लावला तर अंगात भिनून विषबाधा करतो. त्याच वनस्पतीपासून कॅन्सरवरचं एक औषधही बनतं. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असं ज्यांना वाटतं त्यांनी बनककडीकडं एकदा बघावं.

मागं एक मावशी सुनेसाठी पोडोफायलोटॉक्सिन मागायला आल्या होत्या. शेजारणीची जुनी चिठ्ठी घेऊन. सहज विचारलं तर सूनबाईंना पाचवा महिना. मी बाटली परत कपाटात ठेवली. गरोदरपणात हे औषध चालत नाही. त्या काळात चामखिळी भराभर वाढतात खऱ्या, पण बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप आटतात. तोवर उपाय करायचाच झाला तर डॉक्टर गोठवतात किंवा ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल लावतात.

या आम्लावरून मेसेजचाच एक भाऊ फिरतोय: सफरचंदाचं व्हिनेगर लावा, दवाखान्यातलं अॅसिड तेच असतं. नसतं. व्हिनेगरमध्ये पाचेक टक्के अॅसेटिक आम्ल. दवाखान्यातलं निराळं, ८० ते ९० टक्के, आणि ते काडीच्या टोकावर घेऊन फक्त कोंबावर टेकवायचं. कोंब पांढराफटक पडला की हात थांबतो. शेजारी ओघळलं तर त्यावर टाकायला खाण्याचा सोडा किंवा पावडर हाताशी असते. आपण कापसाचा बोळा भिजवून रात्रभर बांधतो.

गोठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो, उणे १९६ अंशाचा. पांढरी वाफ निघते, मिनिटभर झणझणतं, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं काही वेळा जावं लागतं. विजेच्या टोकानं किंवा लेझरनं जाळणं आणि कात्रीनं उडवणं, या दोन्हीआधी जागा बधिर करतात. कोंब एका बैठकीत जातात हा त्यांचा फायदा. यातलं श्रेष्ठ कुठलं? कुठलंच नाही. किती आहेत, कुठं आहेत, बाई गरोदर आहे का, माणूस दर पंधरवड्याला गावाहून येऊ शकतो का, यावर ठरतं. दोन-चार बारके कोंब असतील तर काहीच न करता काही महिने वाट बघणं हाही डॉक्टरांनी मान्य केलेला पर्याय आहे, कारण काहींच्या वर्षभरात आपणच जातात.

आणि हो, परत येतात. मेसेजमधलं हे एक वाक्य खरं आहे, आणि सगळं खोटं त्याच्याच पाठीवर बसून येतं. कुठल्याही उपायानंतर, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच, पुन्हा उगवू शकतात. उपाय कोंब काढतो. विषाणूला आवर घालतं ते शरीर, आणि त्याला वेळ लागतो. हे पहिल्याच भेटीत कुणी नीट सांगितलं, तर तिसऱ्या भेटीला माणूस "डॉक्टरनं लुटलं" म्हणत चुन्याकडं वळणार नाही. सांगत नाहीत, ही चूक आमच्या बाजूची.

"कॅन्सर निश्चित." नाही. ६ आणि ११ हे प्रकार क्वचितच कॅन्सरच्या वाटेला जातात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः १६ आणि १८ असतात. भाऊबंद आहेत, पण घरं वेगळी. बाईला चामखीळ झाली म्हणून तिची गर्भाशयमुखाची तपासणी जास्त वेळा करायची गरज नाही. मात्र तिशीनंतर जी करायची ती चामखीळ नसली तरी करायची. कोंबातून रक्त येत असेल, रंग काळपट असेल, घट्ट चिकटला असेल, उपायांना दाद देत नसेल तर तुकडा काढून तपासतात.

"जोडीदारास असेल तर समजून जा." काय समजून जायचं? संसर्ग झाल्यावर कोंब दिसायला कधी काही आठवडे लागतात, कधी कित्येक महिने, कधी त्याहून जास्त. पुष्कळांना संसर्ग होतो आणि कोंब येतच नाहीत. कुणाकडून कुणाला आणि कधी, हे सांगणारी तपासणी अस्तित्वात नाही. या एका ओळीनं किती घरं मोडली असतील कोण जाणे.

एचपीव्हीच्या लसीबद्दल मेसेज गप्प आहे. लस आधीच आलेल्या चामखिळी घालवत नाही. न झालेला संसर्ग अडवते. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये मुलींना शाळेत ती द्यायला लागले, तेव्हा लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत पहिल्यांदा येणाऱ्या २१ वर्षांखालच्या मुलींत ११.५ टक्क्यांना या चामखिळी सापडत होत्या. २०११ मध्ये ०.८५ टक्के. त्या वयाच्या मुलग्यांतही त्या घटल्या, त्यांना लस न देता. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. तिच्यात ६, ११, १६, १८ हे चारही प्रकार आहेत आणि ती मुलग्यांनाही चालते. दुकानात मुलींसाठी विचारणारे आईबाप येतात, मुलासाठी विचारणारे अजून बोटांवर मोजण्याइतके.

आता जे मेसेजमध्ये नाहीच, आणि तेच सगळ्यात आधी हवं होतं: हे चामखीळच आहे हे ठरवलं कुणी? गुप्तांगावरचा प्रत्येक फुगवटा चामखीळ नसतो. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात तिथं चपटे, ओलसर कोंब येतात, हुबेहूब तसेच. त्यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं, आणि चुन्यानं ते झाकले गेले तर आजार आत चालू राहतो. म्हणून दवाखान्यात रक्ताची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची, आणि एचआयव्हीची तपासणी सांगतात. संशय घेतात म्हणून नव्हे. मोलस्कम या कातडीच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराचे मोत्यासारखे दाणे वेगळे. कॉर्न कॅप नि हाताच्या चामखिळीवरचं सॅलिसिलिक आम्ल तर तिथं लावूच नये.

तो मुलगा आठवड्यानं परत आला, या वेळी दिवसाढवळ्या. केसपेपर दाखवला. त्यावर चामखिळीचं नावच नव्हतं. शिश्नाच्या टोकाच्या कडेला सारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्यांची ओळ पुष्कळ पुरुषांना अंगच्या ठेवणीसारखी असते. आजार नाही, लागण नाही, उपायाची गरज नाही. त्यानं एका बाजूला चुना लावला होता. वाचलेली बाजू बघून डॉक्टरांनी ओळखलं. भाजल्याची जखम भरायला अजून वेळ होता.

"तिथं जायची लाज वाटत होती," म्हणाला. मेसेजचं शेवटचं वाक्य तेवढंच धरून लिहिलंय. तर सांगून ठेवतो: सरकारी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग असतो, पुष्कळ ठिकाणी लैंगिक आजारांसाठीचं सुरक्षा क्लिनिकही, तपासणी फुकट. केसपेपरच्या खिडकीवर "स्किन" एवढंच म्हणायचं. त्या रांगेत नायटेवाले असतात, खरूजवाले असतात, केस गळणारे असतात. कोण कशाला आलंय ते शेजारच्यालाही कळत नाही.