मलेरिया, गे हाँग आणि पोथीतली ती एक ओळ

‘१,७०० वर्षांपूर्वी एका ताओपंथी साधूनं मलेरियाचं औषध शोधलं. चिनी बाईंनी ते पोथीतून उचलून नोबेल लाटलं. त्या साधूचं सगळंच खरं निघालंय, तेव्हा गोळ्या सोडा, ती वनस्पती उकळून प्या. आपला दवणाही तोच.’ हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चार वेळा आला. त्या साधूबद्दल, म्हणजे गे हाँगबद्दल, मला मनापासून आदर आहे, म्हणूनच लिहितोय.

‘साधूनं शोधलं.’ गे हाँग (२८३–३४३) वैद्य होता आणि किमयागारही. महागडी औषधं न परवडणाऱ्या गोरगरिबांसाठी त्यानं बाहीत मावेल असं तातडीच्या उपचारांचं पुस्तक लिहिलं. त्यात तापावर एक ओळ आहे: मूठभर छिंगहाओ (हीच ती वनस्पती) पाण्यात भिजवा, पिळून रस काढा, सगळा प्या. पण त्याच प्रकरणात तापावरचे इतरही कितीतरी उपाय आहेत. त्यातला नेमका कुठला लागू पडतो, हे पोथी सांगत नाही.

‘पोथीतून उचललं.’ त्या चिनी बाई म्हणजे तू यूयू. १९६९ मध्ये त्या मलेरियाचं औषध शोधायच्या कामाला लागल्या. त्यांच्या गटानं दोन हजारांवर जुने नुस्खे जमवले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाओचा गुण कधी यायचा, कधी नाही. तेव्हा त्या पुन्हा गे हाँगकडे वळल्या. भिजवा, पिळा... उकळा असं कुठंच नाही! उष्णतेनं औषध बिघडत असेल, अशी शंका त्यांना तिथं आली. मग ३५ अंशांनाच उकळणारं ईथर वापरून अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांतले सगळे परजीवी मारले. रुग्णांना देण्याआधी तो अर्क त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतः घेतला. गे हाँगचं ऋण तर त्यांनी नोबेलच्या व्याख्यानातही मांडलं. याला चोरी म्हणायचं?

‘सगळंच खरं निघालं.’ नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर त्याच कुत्र्याचा मेंदू जखमेवर लावा, असं तो सांगतो. हिंगुळापासून केलेल्या रसायनानं माणूस अमर होतो, ही त्याची श्रद्धा होती. हिंगुळात पारा असतो. पण हिंगूळ तापवला की पारा होतो आणि पाऱ्याचा पुन्हा हिंगूळ होतो, हेही त्यानंच नोंदवलं. कातडीत शिरणारा बारीक कीटक सुईच्या टोकानं काढावा, इतकं बारकाईनं लिहिणारा माणूस तो!

दवणा त्याच कुळातला आहे, पण जात वेगळी. जोतिबाला वाहावा, मलेरियावर त्याची भिस्त नको.

‘उकळून प्या’ हे सगळ्यात घातक. छिंगहाओतलं मलेरियावरचं औषध, आर्टेमिसिनिन, पाण्यात जेमतेम विरघळतं. काढ्यात ते किती उतरलं, कळायला मार्ग नाही. अपुऱ्या मात्रेत परजीवी उरतात आणि औषधाला दाद देईनासे होतात. जागतिक आरोग्य संघटनाही या वनस्पतीचा चहा-काढा घ्या असं सांगत नाही. गडचिरोलीत पोराला हुडहुडी भरून ताप आला, तर काढ्यात दोन दिवस घालवू नका. आशाताईंकडे किट असतं. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात, पंधरा-वीस मिनिटांत निदान होतं आणि गोळ्या फुकट मिळतात.