‘दोन खुंट्या ठोकल्या की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वेल्समधल्या कालव्याकाठच्या लँगोलेन या गावाबद्दलच्या ‘ऑगस्टच्या गर्दीत लँगोलेनला नाव कुठे बांधावी’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांना शोधत बसायला नको म्हणून तिचा गोषवारा देतो. तुम्ही म्हणता, लेख वाचून पुण्यातल्या सोसायटीची पार्किंगची नियमावली वाचल्यासारखं वाटलं. बँक हॉलिडेला (ऑगस्टअखेरच्या इथल्या सार्वजनिक सुट्टीला) जागा मिळत नाही हा बागुलबुवा आहे. ‘दोन खुंट्या ठोकल्या की नाव बांधली, त्यात एवढं काय’. कायद्याने १४ दिवस कुठेही थांबता येतं. मरिनाचे, म्हणजे पैसे देऊन नाव ठेवायच्या तळाचे, दर मी दिलेले नाहीत. आणि साहेबांच्या देशात राहून मीही साहेब झालोय. एवढं सुनावून झाल्यावर शेवटी एक प्रश्न: या ऑगस्टअखेर ६२ फुटी नाव भाड्याने घेतोय, तर कुठे थांबू?

आधी सुराबद्दल. मी नाशिकचा आहे, तेव्हा पुण्याला मध्ये ओढायचं कारण नव्हतं. ‘साहेब’ हा टोमणा तर मला कळलाच नाही. कालव्यावर राहणारा माणूस स्वतःचा संडास स्वतः रिकामा करतो, डिझेल स्वतः भरतो आणि पावसात लॉकचे, म्हणजे नाव वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या पाण्याच्या हौदाचे, दरवाजे पाठीने ढकलतो. यात साहेबी कुठे आहे ते सांगा, मी आभारी राहीन. मतभेद जरूर असावेत, पण ज्याच्याकडून माहिती हवी त्यालाच आधी चार शब्द ऐकवायचे, ही पद्धत मला नवीन आहे.

आता त्या दोन खुंट्या. तुमच्या प्रतिक्रियेत सविस्तर उत्तर द्यावं असं एवढंच एक वाक्य आहे, म्हणून आधी त्यावर लिहितो.

साठ फुटांच्या आसपासच्या नॅरोबोटीचं (कालव्यावरच्या लांब, अरुंद नावेचं) वजन १५ ते १८ टन भरतं. शेजारून दुसरी नाव गेली की ती आपल्यापुढे पाणी ढकलते आणि मागून खेचून घेते. बांधलेली नाव त्या पाण्याबरोबर आधी एका दिशेला सरकते, मग दुसऱ्या. एका धक्क्याने खुंटी सहसा उपटत नाही. ती ढिली होते या पुढे-मागे हलण्याने. बँक हॉलिडेच्या शनिवारी सकाळपासून अंधार पडेपर्यंत नावांची रीघ असते, आणि सगळेच काही बांधलेल्या नावांपाशी वेग कमी करत नाहीत. पावसाने मऊ झालेल्या काठावर संध्याकाळपर्यंत खुंटीभोवती अंगठा जाईल एवढं भोक झालेलं असतं. रात्री ती निघते, मग नावेचं एक टोक सुटून कालव्यात आडवं होतं. याला मी बागुलबुवा म्हणत नाही.

म्हणून खुंटी निदान दोन फुटांची हवी, आणि हातोडा दोन किलोच्या आसपासचा. ठोकताना तिचं डोकं दोराच्या ओढीच्या उलट बाजूला झुकलेलं ठेवायचं आणि दोर जमिनीलगत अडकवायचा. वर डोक्याशी बांधला की तरफ होते आणि माती लवकर सुटते. दोर काठाशी काटकोनात नको. पुढचा दोर पुढे आणि मागचा मागे, साधारण ४५ अंशांत. जमीन मऊ असेल तर प्रत्येक टोकाला दोन खुंट्या एकमेकींतून फुलीसारख्या ठोकायच्या, म्हणजे तिथेच चार झाल्या. वर्दळ जास्त असेल तर ‘स्प्रिंग’ म्हणतात तो जादा दोर लागतो: नावेच्या मागच्या भागातून निघून पुढच्या दिशेला जाणारा. त्याने सरकणं थांबतं. त्याला पाचवी खुंटी. उघड्या डोक्यांवर पांढरी पिशवी किंवा टेनिसचा चेंडू बसवायचा, नाहीतर अंधारात सायकलवाला आपटतो.

छताच्या मधून येणारा दोर फक्त लॉकपाशी आणि काठाला लागताना धरण्यासाठी आहे. त्यानेच नाव बांधून ठेवणारे बरेच दिसतात. तो उंचावरून ओढतो, त्यामुळे प्रत्येक जाणाऱ्या नावेबरोबर तुमची नाव काठाकडे कलते आणि फळीवरच्या कपबशा खाली येतात.

जिथे काठाला लोखंडी पत्र्याचं पायलिंग (माती धरून ठेवणारी भिंत) आणि त्याला आडवी पट्टी आहे तिथे खुंटी ठोकूच नये. तिथे नॅपी पिन (सेफ्टी पिनसारखा वळवलेला लोखंडी आकडा) किंवा साखळी. नॅपी पिन पट्टीमागे नुसती अडकते, दोर क्षणभर सैल पडला तर वर उचलली जाते आणि टुपकन पाण्यात. गर्दीत साखळीच बरी. तिच्या एका टोकाला मोठी कडी असते, दुसऱ्याला लहान. साखळी पट्टीमागून घ्यायची, लहान कडी मोठीतून ओवायची आणि दोर लहान कडीत. नाव कितीही हलली तरी ती निघत नाही. दोराचं टोक कडीतून परत नावेवर आणून तिथेच गाठ मारली, तर सुटताना काठावर उडी मारावी लागत नाही.

हे सगळं झालं काठाच्या वरचं. श्रॉपशायर युनियन कालव्यावर बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली काठालगत दगडी-सिमेंटची पायरी आहे. वरून दिसत नाही. नाव तिच्यावर टेकते आणि कोणी गेलं की तळ धाडधाड आपटतो. धक्के झेलणारे नेहमीचे लांबट फेंडर वर लोंबकळत राहतात, काही कामाचे नाहीत. तिथले लोक हातगाडीची हवा भरलेली चाकं पाण्यात उतरवून नाव पायरीपासून लांब ठेवतात. भाड्याच्या नावेवर अशी चाकं सहसा नसतात, म्हणून त्या भागात कालवाप्रेमींच्या संस्थांनी आणि कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टने नावा बांधायला ठेवलेल्या कड्यांच्या जागा सोडून इतरत्र थांबण्याआधी लांब काठीने तळ चाचपून बघा. हर्ल्स्टनला लँगोलेनच्या कालव्यात वळण्याआधी हाच कालवा लागतो, म्हणून मूळ लेखात यावर एक परिच्छेद होता. तुम्ही तो बहुतेक ओलांडलात.

आणि पाण्याची पातळी. दोन लॉकांमध्ये जेमतेम काही नावांपुरतं अंतर असेल तिथे रात्र काढू नये. वरच्या कोणी झडप अर्धवट उघडी टाकली किंवा दरवाजा गळत असला, तर पहाटे पाणी फूटभर खाली गेलेलं असतं, आणि घट्ट बांधलेली नाव दोरांवर लोंबकळत एका बाजूला कलते. कालव्यावर दोर ताठ ठेवायचा, पण तारेसारखा नाही. नदीवर गणितच वेगळं. थेम्सवर वा एव्हनवर पाणी रात्रीत चढू शकतं, तिथे दोराला चांगली ढील हवी. थेम्स तर त्या ट्रस्टच्या अखत्यारीतही नाही, तिथे एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचे नियम. लॉकवर प्रवाह जोराचा असल्याचा लाल फलक दिसला तर जागा शोधण्याऐवजी जिथे आहात तिथेच थांबायचं.

तुमच्या ‘दोन खुंट्यां’चं हे असं आहे.

१४ दिवसांबद्दल फार लिहीत नाही. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातलं ते कलम कायमची जागा नसलेल्या नावांसाठी आहे, आणि ते म्हणतं की एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहू नका, सबळ कारण असेल तर गोष्ट वेगळी. ‘कुठेही’ हा शब्द तुमच्या पदरचा. काठावरच्या बोर्डावर २४ तास लिहिलं असेल तर २४. लॉकच्या धक्क्यावर आणि पाण्याच्या नळापाशी कामापुरतंच, आणि पुलाखाली, आंधळ्या वळणावर आणि नाव वळवायच्या जागेत चौदा मिनिटंही नाही. बाकी मुद्दे मतांचे आहेत, ते तुमच्यापाशी असू द्या.

मरिनाच्या दरांचं तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. मी आकडे दिले नाहीत, कारण ते नावेच्या लांबीवर, विजेवर आणि हंगामावर बदलतात. आठवडाभर आधी फोन करून ‘६२ फूट, दोन रात्री’ असं विचारलं की दर लगेच कळतो. बँक हॉलिडेला आयत्या वेळी दारात उभं राहिलात तर पैसे देऊनही जागा नसते.

आता तुमचा प्रश्न. सुरानुसार उत्तर द्यायचं तर देऊ नये, पण ६२ फूट ऐकून काळजी वाटली.

भाड्याच्या नावा बहुधा शुक्रवार, शनिवार आणि सोमवारी दुपारनंतर सुटतात, म्हणून त्या संध्याकाळी नावा भाड्याने देणाऱ्या प्रत्येक ठिकाणापासून दोन तासांच्या आतल्या जागा आधी भरतात. तुम्हीही त्याच वेळी सुटणार, तेव्हा पहिल्या रात्री प्रसिद्ध ठिकाणाचा हट्ट नको. पुढे रोज दुपारी दोनच्या आत बांधा. वाटेत एल्समेरला कालव्याचा फाटा गावात नेतो, पण लवकर भरतो. तिथे जागा नसली तर तिथल्या बोगद्याच्या पूर्वेला ब्लेक मिअर या तळ्याच्या कडेने बघा. दोन नावांमध्ये चाळीस-पन्नास फुटांची मोकळी जागा दिसली तर निराश होऊ नका. ‘जरा पुढे सरकता का?’ असं गोड आवाजात विचारलं की लोक सरकतात. ते बांधून झाल्यावर त्यांच्या दोराला हात न लावता तीच कडी वापरायला हरकत नाही. दुसऱ्याच्या नावेला नाव लावून बांधायची रीत लंडनमध्ये चालते. इथे कालवा अरुंद आहे, वाट अडेल.

ट्रेव्हर ते लँगोलेन हा टप्पा चार-साडेचार मैलांचा, पण या कालव्यातून हर्ल्स्टनच्या जलाशयाला पाणी जातं, त्यामुळे वर जाताना प्रवाह समोरून येतो. दोन तास धरा. मध्ये एकच नाव मावेल असे अरुंद भाग आहेत, तिथे एक जण पायी पुढे पाठवायचा आणि समोर कोणी नाही याची खूण मिळाल्यावरच शिरायचं. लँगोलेनच्या बेसिनमध्ये (नावा थांबायच्या रुंद जागेत) विजेचा प्लग आणि पाणी आहे, हंगामात पैसे पडतात, मुक्काम मर्यादित. बेसिनच्या पलीकडे तुमच्या नावेला जाता येत नाही, म्हणजे जागा नाही मिळाली तर वळून तोच टप्पा परत. बांधताना वरच्या बाजूचा दोर आधी, नाहीतर प्रवाह पुढचं टोक बाहेर काढतो.

मला विचाराल तर, बँक हॉलिडेच्या शनिवार-रविवारी नाव वर लँगोलेनला नेऊच नका. पाँटकसिल्टेच्या जलसेतूच्या (कालवा वाहून नेणाऱ्या उंच पुलाच्या) अलीकडे फ्रॉनकसिल्टेला सकाळी बांधा, तो पायी ओलांडा आणि ट्रेव्हरवरून बसने लँगोलेनला जा. नाव न्यायचीच असेल तर मंगळवारी सकाळी आठला सुटा. भाड्याच्या नावेबरोबर बहुतेक दोनच खुंट्या मिळतील. ताबा घेतानाच आणखी दोन आणि एक साखळी मागून घ्या.